वळणावरची जाजा

सोलापूर,
१२ डिसेंबर

चि. ईश्वर यास,
मीनाक्काचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

मी हातीपायी धड घरी पोहोचले आहे. हे आधीच लिहिते, कारण पुढे वाचताना तुला मधूनमधून शंका येईल. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा खुंटीला अडकवून गुडघा बरा होत नाही, तो गुडघ्यालाच बांधावा लागतो. संघप्रियाला म्हणावं, चहा बिनसाखरेचा आणि चहाबरोबर खाऱ्या चार, याला कोणी पथ्य म्हणत नाही. नवऱ्याचा गुडघा आणि स्वतःची साखर, दोन्हींकडे तिनेच बघायचं आहे, कारण तू ट्रॅक्टरशिवाय कुणाच्या तब्येतीकडे बघत नाहीस.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू स्पीकर लावतोस, मागे ट्रॅक्टर धडधडत असतो, आणि मी मुद्द्यावर आले की "आक्का, रेंज न्हाय" म्हणून ठेवून देतोस. पत्राची रेंज जात नाही. शिवाय तू मला काम सांगितलं होतंस आणि त्याचा अहवाल लेखीच द्यायला हवा. मी युगांडाला माझ्या यशपालकडे निघाले तेव्हा तू म्हणालास, "आक्का, ऋतुराजला तिकडं जड गाडीवर लावावं म्हंतोय. पगार लई हाय. तू रस्ते तेवढे बघून ये की." तुझा एकुलता एक मुलगा आणि माझा एकुलता एक भाचा, तेव्हा मी विमानात बसल्यापासून ते काम मनावर घेतलं होतं. (माझी सारी नोकरी एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, त्यामुळे रस्ता बघायला मला कुणी शिकवायची गरज नाही.) दोन महिने मी तिथे दुसरं काही बघितलं नाही. सरोवर बघितलं नाही, धबधबा बघितला नाही. रस्ता बघितला.

यशपाल ज्या साखर कारखान्यात वाहतूक विभाग सांभाळतो, तो टेकडीच्या पायथ्याशी आहे. आजूबाजूला ट्रकच्या टपाहून उंच ऊस. वारा नसला तरी तो ऊस सळसळतो. शेतांकडून कारखान्याकडे येताना टेकडीवरून उतार लागतो, उताराच्या तळाशी वळण, वळणावर मोरी आणि पलीकडे दलदल. त्या वळणावर आजवर पडलेल्या गाड्या कोणी उचललेल्या नाहीत. एका केबिनमधून झाड वर आलं आहे. एका स्टिअरिंगवर पाखराने घरटं केलं आहे. मी गेले त्याच आठवड्यात एक ट्रेलर दलदलीत गेला. माणसं बाहेर काढली, नेली, गर्दी पांगली, आणि त्याचा डावा इंडिकेटर चिखलातून लुकलुकत राहिला. बॅटरी संपेपर्यंत रोज संध्याकाळी तो ट्रेलर डावीकडे वळायची परवानगी मागत होता.

आता तिथल्या ड्रायव्हरांची पद्धत ऐक. डिझेल वाचवायला ते उताराच्या माथ्यावर इंजिन बंद करतात आणि गाडी न्यूट्रलवर सोडतात. इंजिन बंद म्हटल्यावर बॅटरीही वाचवावी, म्हणून दिवेही घालवतात. म्हणजे अख्खा ट्रकभर ऊस मांजराच्या पावलांनी अंगावर येतो. (हसू नकोस. करकंबच्या उतारावर तुझाही जुना ड्रायव्हर हेच करायचा आणि तू त्याला दिवाळीला बक्षीस दिलं होतंस.) यशपालने 'सावकाश' असा मोठा फलक लावला, तो एका ट्रकनेच पाडला. गतिरोधक घातला, तर ट्रक तो चुकवून बाजूच्या पायवाटेने जायला लागले, आणि पायवाटेवर शाळेची मुलं. कारखान्याची जीप चालवणारा वाइस्वा नावाचा एक शहाणा माणूस आहे. वळण आलं की तो रेडिओ बंद करतो आणि गप्प बसतो. मी विचारलं, का? म्हणाला, न्यूट्रलवरची गाडी कानानेच ओळखावी लागते. मला बरं वाटलं, माणूस विचाराचा आहे. मग म्हणाला, "आणि त्यांना आवाज आवडत नाही." कुणाला, म्हणून विचारलं, तर त्याने रेडिओ लावला.

तुला माहीत आहे, आपल्या आबांनी घरातले अंगारे-धुपारे गाठोड्यात बांधून बाहेर काढले, त्यात भुतंही गेली. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. तेव्हा मी वाइस्वाला रेडिओ पुन्हा बंद करायला लावून त्या विषयावर दोन शब्द सांगितले. तो "हो जाजा, हो जाजा" म्हणत राहिला. (जाजा म्हणजे आजी.)

पुढे वर्षावास संपल्याची पौर्णिमा आली. मी क्वार्टरमध्ये मेणबत्ती लावून वंदना घेतली. नेसायला अर्थातच पांढरी साडी, कडक इस्त्रीची. यशपालची यायची वेळ टळून गेली. तो मोटरसायकलवर त्याच वळणावरून येतो. फोन लागेना. वळण क्वार्टरपासून जवळच, म्हणून मी तशीच निघाले. तिथे संध्याकाळ अशी नसतेच. दिवस असतो, आणि मग कुणीतरी फळा पुसल्यासारखा अंधार होतो. चंद्र ढगात होता. वळणावर उसाची एक ट्रॉली ॲक्सल मोडून बरोबर रस्त्यात उभी होती. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तिचा माणूस मेकॅनिक शोधायला गेलेला, आणि मागे रस्त्यावर खूण म्हणून पाल्याच्या फांद्या टाकलेल्या. (आपण दगड मांडतो. गाडी निघून जाते आणि दगड पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत राहतात. त्यापेक्षा फांद्या बऱ्या, वाळतात तरी.) अंधारात फांद्या कोणाला दिसणार? मी जन्मभर जे केलं तेच केलं. ट्रॉलीच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या मधोमध, हात वर करून उभी राहिले.

दलदलीतले बेडूक ओरडत होते. मग एकदम गप्प झाले. उतारावरचा काळोख जरा दाट झाल्यासारखा वाटला, आणि दाट होत होत तो खाली यायला लागला. आवाज काही नाही. मग टायर किंचाळले, आणि ट्रक असा थांबला की त्याच्या रेडिएटरची वाफ माझ्या तोंडावर आली. दोन्ही दारं उघडली, दोन माणसं खाली पडली आणि उसात शिरली. मी ओरडले, "अहो, हँडब्रेक लावा!" त्यांचा वेग वाढला. मग त्यामागे दुसरा ट्रक, त्यामागे तिसरा. प्रत्येक जण थांबला, प्रत्येकाची दारं उघडली, प्रत्येक वेळी ऊस सळसळला. यशपाल खालून आला तेव्हा मोडकी ट्रॉली, तिच्यापुढे हात वर केलेली आई, आणि पार माथ्यापर्यंत दारं सताड उघडी असलेले ट्रक, त्यांत एकही माणूस नाही, असं त्याला दिसलं. "आई, हे काय केलंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "वाहतूक नियंत्रण."

दुसऱ्या दिवशी वाइस्वाने बातमी आणली. वळणावर पांढरी जाजा उभी राहते, आणि इंजिन बंद करून येणाऱ्याला ती घेऊन जाते. त्या दिवसापासून माथ्यावर इंजिनं चालू व्हायला लागली, दिवे लागले, गाड्या पहिल्या गिअरमध्ये, सुनेने सासरी यावं तशा उतरायला लागल्या. मला संताप आला. फलक लावला, ऐकलं नाही. गतिरोधक घातला, ऐकलं नाही. आणि एका निवृत्त नोकरदार बाईला बघून ऐकलं! संध्याकाळी यशपाल जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, साडी धुतलेली आहे का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो लहानपणी जसा दाराआड जायचा तसा गेला. मग दाराआडूनच त्याने सांगितलं. वजनकाट्यावर त्याच्या शेजारी बसणारा माणूस पावसाळ्यात त्याच वळणावर गेला. त्याचा जेवणाचा डबा अजून टेबलावर आहे. तो हलवायचं धाडस कुणाला होत नाही, यशपाललाही नाही. आबांच्या नातवाला, ईश्वर.

तेव्हा मी एक तोडगा काढला. मी भूत म्हणून उभी राहणार नाही, नियंत्रक म्हणून राहीन. पांढरं नेसायचं ते अंधारात दिसावं म्हणून. बघणाऱ्याने काय समजायचं हा त्याचा प्रश्न. तरीही मनाला टोचणी नको, म्हणून मी कारखान्याच्या आवारात सगळे ड्रायव्हर जमवून, भूत ही कल्पना कशी अशास्त्रीय आहे यावर इंग्रजीतून भाषण दिलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा ड्रायव्हर उठून फार अदबीने म्हणाला, "जाजा, तुम्ही माणूस आहात हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही 'हँडब्रेक' म्हणालात. भुताला हँडब्रेकची काळजी नसते."

"मग थांबता कशाला?"

"तुमच्या मागे जी उभी असते, तिच्यासाठी."

मी सभा तिथेच संपवली. त्यानंतर रोज वळणावर गेले, पण मागे वळून बघितलं नाही. (नसलेल्या गोष्टीकडे वळून बघणं म्हणजे ती आहे असं मान्य करणं. हे साधं तर्कशास्त्र आहे.) फक्त नोंद म्हणून सांगते. ड्रायव्हर खाली आला की मला मान लववायचा, आणि मग दुसऱ्यांदा लववायचा, माझ्या डाव्या खांद्यावरून, माझ्याहून वीतभर उंच कुणाला तरी. समोरच्या बाजूचे बेडूक ओरडायचे. मागच्या बाजूचे कधीच नाही. पाठीला गारवा लागायचा, तो दलदलीचा असणार.

मग मला ताप आला. मलेरियाच होता. सबंध दिवस मी अंथरुणातून उठले नाही, संध्याकाळी तर डोळेही उघडत नव्हते. यशपाल आला तो रागावूनच. "ताप अंगात असताना गेलीस कशाला?" मी म्हटलं, मी कुठे गेले? तो म्हणाला, आज पुन्हा वळणावर ट्रॉली बंद पडली होती, मी मोटरसायकल घेऊन तिच्या खालच्या अंगाला अडकलो होतो, तू दिसत नव्हतीस, आणि वरून आलेला प्रत्येक ट्रक दिवे लावून, पहिल्या गिअरमध्ये येऊन, बरोबर तुझ्या जागेवर थांबला. मग त्याने माझं तोंड बघितलं. बूट काढायला त्याने फार वेळ लावला. दुसऱ्या दिवशी त्याने वाइस्वाला चौकशी करायला लावली. ड्रायव्हर म्हणाले, त्यात काय विचारायचं, रोजच्यासारख्या दोघी उभ्या होत्या.

मला ताप होता, त्यामुळे हा मुद्दा मी विचारात घेतला नाही.

मी निघेपर्यंत त्या वळणावर पुन्हा कुणाचा जीव गेला नाही, आणि काल यशपालचा फोन आला, अजूनही गेलेला नाही. त्याचा करार उन्हाळ्यापर्यंत आहे, तो खुशाल आहे. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गाड्यांना दिवे नाहीत, उतारावर गिअर नाही, बंद पडलेल्या ट्रॉलीमागे खूण नाही, आणि माणसाला जिवंत माणसाची भीती नाही. अशा रस्त्यावर ऋतुराजला पाठवू नये, हे माझं मत. संघप्रियाला जयभीम सांग.

तुझी,
मीनाक्का

ता.क. — विमान मुंबईला उतरलं आणि पुण्याहून मी बसने आले, हे तुला सांगितलं. एक सांगितलं नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे, दिवेलागणीला, आमच्या बसने असा ब्रेक मारला की माझ्या पुढच्या बाईचं कपाळ दांड्यावर आपटलं. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मागे दोन दगड. पाठीवर पिवळ्या रंगात 'ईश्वर ट्रान्सपोर्ट, टेंभुर्णी', आणि जिथे दिवा असायला हवा तिथे काळी बाहुली. आबांच्या मुलाच्या ट्रॉलीला काळी बाहुली! तेही सोडून देते. ट्रॉलीखालून दोन पाय रस्त्यावर आलेले होते. निळे बूट. ते मी ऋतुराजला वाढदिवसाला घेऊन दिले होते. बस वळसा घालून जाईपर्यंत मी त्या बुटांकडे बघत होते, आणि ते हलत नव्हते. मग एक बूट हलला. तो चाक बदलत होता. बस पुढे निघाली आणि मला हाकही मारता आली नाही. तेव्हापासून मला झोप नाही. पत्राचं खरं कारण एवढंच आहे. तुझ्या दोन्ही ट्रॉल्यांना मागचे दिवे बसव, लाल चमकती पट्टी लाव, आणि बंद पडल्यावर मागे ठेवायचा त्रिकोण घे. ते होईपर्यंत दिवस मावळल्यावर ऋतुराज रस्त्यावर दिसता कामा नये. वर 'पाठवू नये' लिहिलं आहे ते खोड. तिकडच्या वळणावर निदान गाड्या थांबतात.

ता.ता.क. — तू म्हणशील, "आक्का, सीझन हाय, आत्ता कुटं येळ हाय." हरकत नाही. सोमवारपासून दुपारच्या बसने मी टेंभुर्णीला येईन आणि अंधार पडला की तुझ्या ट्रॉलीमागे उभी राहीन. ऋतुराजला सांगून ठेव, आत्या दिसली तर घाबरायचं नाही. आणि ज्या दिवशी मी सोलापुरात घरी असेन त्या दिवशीही तिथे दिसले, तर माझ्या मागे कोण आहे ते बघत बसायचं नाही. आधी ब्रेक लावायचा, मग जयभीम करायचा.