बाभळीच्या वळणावरचा मांजा

६ जाने., मंगळवार
अभयारण्यात आल्या आल्या रखवालदार वामनकाकांनी हाक मारली. पक्षी-मनोऱ्यामागच्या बाभळीत चमच्या पक्षी लटकलेला, पंखात नायलॉन मांजा. काका शिडीवर, मी खाली कात्री घेऊन. मांजा ओढायचा नसतो, दोन्हीकडून कापायचा. कापला. पक्षी हातात आला तेव्हा गरम होता. पेटीत ठेवेपर्यंत गेला.
नंतर नाशिकची शाळा आली. मुलांना तोच मांजा आणि तुटकं पीस दाखवलं. एक मुलगी रडली. त्यांच्या बाई मला बाजूला घेऊन, "एवढं दाखवायची गरज होती का?" होती. माझं कामच ते आहे, येणाऱ्याला सांगायचं. नुसते पक्षी बघायला दुर्बीण पुरते.

८ जाने., गुरुवार
फाट्यावरच्या अण्णाच्या दुकानात गेले. वर टांगलेला साधा दोरा. म्हटलं, जरा चांगला दाखवा, पोरांना पतंग कापायचेत. लगेच खालच्या पोत्यातून नायलॉनचा गट्टू, अख्खं रीळच काढलं! बंदी बिंदी सगळी गेली उडत. बाहेर येऊन पोलीस चौकीला फोन. माझं नाव सांगू नका म्हटलं. संध्याकाळी पोतं उचललं म्हणे. घरी येऊन गाजराचा हलवा केला, इतकी खूष.

११ जाने., रविवार
गर्दी. रविवार म्हणून माझी ओवी सोबत. दुपारी अण्णा गेटवर. आवाज चढवला नाही, हसतच होता.
"मॅडम, त्या दिशी गिऱ्हाईक म्हणून तुम्हीच आल्या व्हत्या ना?"
मग ओवीकडे बघून, "ही तुमची का? गाडीवर पुढं उभी राहून येती ना. पाह्यलीय मी. लय गोड हाय."
ओवीने त्याला टाटा केला. मी तिला जवळ ओढलं. तो काही वाईट बोलला नाही. हेच कोणाला सांगायचं आणि कसं?

१३ जाने., भोगी
नवऱ्याशी भांडण. सतीशचं एकच: "तुला लोकांना शिकवायला ठेवलंय, धाडी घालायला नाही." मग तसाच कामाला गेला. सातपूरहून शिफ्ट संपवून आला तो लोखंडी सळई घेऊन. कंपनीजवळच्या वर्कशॉपमध्ये कमान वाकवून आणलेली. स्कूटीच्या पुढे बसवली. आता मांजा आला तर आधी सळईला अडेल. गाडी बैलगाडीसारखी दिसते. ओवीला फार आवडली, आतून डोकावून "भॉक" करते.
भोगीची भाजी खारट झाली. दोघांनीही तशीच खाल्ली.

१४ जाने., संक्रांत
सुट्टी नाही, उलट गर्दी जास्त. आकाशात पतंग, खाली पाण्यावर बदकं. दिवसभर वर बघून मान दुखली. चारच्या सुमारास अण्णा पुन्हा. डबा पुढे केला.
"तिळगूळ घ्या, गोड बोला."
घेतला. तो हलेना. मी खावं म्हणून थांबला असावा. खाल्ला. मग म्हणाला, "आता गोडच बोलायचं बरं का मॅडम."
आजूबाजूचे हसले, सणाची गंमत म्हणून. मीही हसले. स्वतःचा इतका राग आला ना.

१५ जाने., किंक्रांत
आज कामावर गेलेच नाही.
ओवीला शाळा नाही म्हणून सकाळी गाडीवर घेतलं. बांधाच्या रस्त्याला बाभळीच्या वळणावर सळईवर कर्रकन आवाज. वळण म्हणून वेग कमी होता. थांबले. बाभळीपासून विजेच्या खांबापर्यंत मांजा, ताठ. सळईचा रंग खरवडला.
ओवी: "मम्मी, काय झालं?"
काही नाही म्हटलं. माघारी फिरले, घरी.
अंगणात तिला गाडीवर उभं केलं. तिला वाटलं मी तिची उंची मोजतेय. टाचा उंचावून हसत उभी. "नीट उभी राहा," ओरडलेच. खरवडलेली खूण तिच्या हनुवटीच्या खाली. माझ्या छातीशी.

रात्री. सतीश म्हणतो कटलेला पतंग असेल, काल सगळीकडे तेच होतं. पण सळईवरून बोट फिरवत किती वेळ उभा होता.
वामनकाका बघून आले. त्यांचा फोन: "बाभळीकडं नुसता गुंता हाय. खांबाला दोन वेढे हायेत, ताई. वाऱ्यानं बी पडत्यात तसे. न्हाय असं न्हाय."
म्हणजे कोणी बांधला की आपसूक अडकला, ते त्यांनाही माहीत नाही.

१७ जाने., शनिवार
ओवीला घोटीला आईकडे सोडलं. आईला सांगितलं, कामाचा ताण आहे. ताण! भीती वाटतेय असं कोण सांगतं.
येताना वळणावर उतरले. गाडी ढकलत, दुसऱ्या हातात काठी पुढे धरून चालले. काहीच नव्हतं. पुढे ऊसतोडीच्या बायका बघत होत्या.
चौकीवर सतीश गेला होता. नावानिशी तक्रार द्या म्हणतात. कोणाच्या नावाची? वाऱ्याच्या?

१९ जाने., सोमवार
आज निफाडची शाळा. मांजा आणि चमच्याचं पीस सकाळीच कपाटात टाकलं. रोहित पक्षी एका पायावर का उभा राहतो ते सांगितलं, चमच्याची चोच हाताने करून दाखवली. पोरं खदाखदा हसली. मांजाचा म सुद्धा काढला नाही. कोणी विचारलंही नाही.
जाताना त्यांच्या बाई म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही!"
बाथरूममध्ये जाऊन रडले.

२१ जाने., बुधवार
उद्या फाट्यावरचीच शाळा येणार. त्यातल्या निम्म्या पोरांनी अण्णाकडचाच मांजा उडवला असेल. बाभळीवर अजून किती लोंबतोय, तो वर्षभर राहतो. आज एक बगळा अडकला होता, सुटला, नशीब.
कपाट उघडलं. पीस टेबलावर ठेवलं. परत आत. परत टेबलावर. निघताना टेबलावरच होतं.
वामनकाका कुलूप लावत म्हणाले, "राहू देऊ का तसंच?" मी म्हटलं, सकाळी बघू.
आत्ता ओवीचा फोन. आजीकडे कंटाळा आलाय. "मम्मी, मला परत गाडीवर पुढे कधी उभं करशील?"
म्हटलं, संक्रांत गेली की.
"मम्मी, गेली ना संक्रांत."