ओठ मिटणारी अक्षरं

१९ मे, सोमवार

प्रिय मानी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचा खांदा आता वर जातो. वरच्या फळीवरचे डबे ती पुन्हा स्वतःच काढते आणि माझ्या उंचीचा घराला आता काही उपयोग उरला नाही, असं ऐकवते. मेहुण्यांचा खोकला गेला का? मुलींच्या परीक्षा आटोपल्या असतील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मीही ते सोयीचं करून घेतो, म्हणून लिहायला बसलो.

शुक्रवारी सकाळी मी एक गोष्ट केली. वहिनीला ‘स्टुडिओत जातो’ असं सांगून बाहेर पडलो आणि नऊच्या खेळाला जाऊन बसलो. या उन्हाळ्याचा मोठा सिनेमा लागलाय, त्याचा पहिलाच खेळ. दर वर्षी आम्ही दोघं जातो. वहिनीला त्यातलं काही आवडत नाही, पण पडद्यावरच्या नावांत माझं नाव शेवटून कितवं येतं ते मोजायला तिला आवडतं. यंदा मी एकटा गेलो, कारण मला एक शब्द कसा ऐकू येतो ते पाहायचं होतं. त्याचं पुढे लिहितो.

तू सगळ्यांना सांगतेस, ‘दादा सिनेमात आहे.’ माझं काम एवढंच, की परदेशी हिरोचे ओठ जितका वेळ हलतात तितक्यात बसेल असं आपल्या भाषेतलं वाक्य लिहायचं. त्याचे ओठ मिटले की आपल्या शब्दातही ओठ मिटणारं अक्षर यायला हवं. एकोणीस उन्हाळे हेच केलं. उडणारे, जाळी टाकणारे, विजा धरणारे, सगळ्यांच्या तोंडी मी शब्द घातले. हे सिनेमे मला खरंच आवडतात, मानी. ऑफिसात कुणी त्यांची टवाळी केली तर मला खपत नाही. घरी मात्र मीच करतो. दर वर्षी एक शहर पडतं, त्याखाली कोण होतं ते कुणी विचारत नाही आणि पुढच्या वर्षी तेच शहर रंगरंगोटी करून उभं असतं. हिरो मरतो तेव्हा लोक रडतात. आम्ही रडत नाही, कारण त्याच्या पुढच्या सिनेमाचं काम आमच्याकडे आधीच आलेलं असतं.

तरी तो पहिल्यांदा जमीन सोडायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. देवावर विश्वास असलेल्या माणसाला उडणारा माणूस पटायला जड जात नाही. कोणीतरी वर आहे, त्याचं लक्ष आहे आणि तो वेळेवर येतो, एवढंच तर त्यात असतं.

तुला आठवत नसेल. गावच्या शाळेच्या मैदानात पडदा लागायचा. बाबा एकदाच आले होते आपल्याबरोबर. तू त्यांच्या खांद्यावर होतीस. पडद्यावर तो माणूस उडाला आणि बाबा मोठ्यानं ओरडले, “अरे, एवढा वर आहेस तर आमच्या घराची कौलं तेवढी सारखी करून जा!” सगळं मैदान हसलं. परत येताना तुला शेंगदाणे हवे होते, पण तू मागितले नाहीस. बाबांनी आपणहून पुडी पुढे केली, तर ‘उशिरा दिली’ म्हणून घेतली नाहीस. त्या दिवसापासून तू मानी.

शुक्रवारी तो उडाला, शहर पडलं, पुढच्या रांगेतले लोक उभे राहून ओरडले. मला काही झालं नाही. वाईटही वाटलं नाही. वर्षभर असंच आहे. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो, हात जोडतो, तोंडातून शब्द येतात आणि मी त्यांच्यात नसतो. वहिनीला वाटतं, बाबांचं दुःख आहे. मी तिला तसंच वाटू दिलं.

आता पुस्तिकेचं. बाबांना जाऊन वर्ष होताना सगळ्यांच्या आठवणी छापायचं तू ठरवलंस आणि शेवटचं पान माझ्याकडे सोपवलंस. ‘तो क्षण तुझ्या शब्दांत लिही, दादा, तूच तिथे होतास.’ मी लिहिलं. गेल्या महिन्यात छापखान्यात दिलंही. ‘बाबांच्या ओठांवर शेवटचं नाव होतं त्यांच्या लेकीचं.’ तुला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तू ते पुन्हा एकदा वाचायला लावलंस. मग म्हणालीस, “सात वर्षं मी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. हे एक वाक्य नसतं ना दादा, तर मी वेडी झाले असते.”

हे वाक्य मला परत घ्यायचं आहे.

फेब्रुवारीत या सिनेमाचं ध्वनिमुद्रण चालू होतं. पडलेल्या इमारतीखाली एक म्हातारा अडकलाय. कॅमेरा लांब आहे, मूळ आवाज नीट नाही, नुसते ओठ हलतात. हिरोला आवाज देणारा आमचा गडी तुला माहीत आहे, गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसून आकाशात झेप घेतो तो. असे किरकोळ आवाजही तोच काढतो. काचेपलीकडून त्यानं विचारलं,

“मास्तर, हा ‘म’ म्हणतोय की ‘प’?”

मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, “काय फरक पडतो? प, ब, म, बाहेरून तिन्ही सारखेच. ओठ मिटले की झालं.”

“आणि पुढचं अक्षर?”

“ते आत जिभेवर आहे, दिसत नाही. न असेल, ण असेल. काहीही बसव.”

“मग ‘पाणी’ म्हणतो,” तो म्हणाला. “ढिगाऱ्याखालचा माणूस दुसरं काय मागणार? बायकोचं नाव घेईल होय?”

सगळे हसले. मीही हसलो असेन. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो आणि आवाज न काढता दोन्ही शब्द म्हणून पाहिले. मानी. पाणी. पुन्हा पुन्हा पाहिले. मला फरक दिसला नाही आणि हाच माझा धंदा आहे.

आता त्या दिवशी काय झालं ते सरळ लिहितो. सकाळचे अकरा वाजले होते. गेल्या उन्हाळ्याच्या सिनेमाचे संवाद दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, म्हणून मी बाबांच्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. मी तुला सांगितलं होतं, की त्यांचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते. आवाज गेला होता की नाही, मला माहीत नाही. माझ्या कानांवर हेडफोन होते. मी वर पाहिलं, त्यांचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. हेडफोन काढायला किती वेळ लागतो? मी काढले नाहीत. मला ओठ वाचता येतात ना! मी ‘मानी’ वाचलं, मला भरून आलं आणि तुला निरोप टाइप करायला फोन उचलला. तेवढ्यात त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं वर्षभर स्वतःला सांगितलं, पण पाहिलं होतं.

नर्सनं प्यायला काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. कापसानं ओठ ओले करायची मुभा होती. वाटी आणि कापूस माझ्या कोपराजवळ होते. मी तुला लिहीत होतो. निरोप गेला. त्यानंतर मी पुन्हा काम सुरू केलं. पावणेबाराला नर्स आली, तिनं माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी हेडफोन काढले.

तुझं नाव मला का दिसलं, त्याचा मी विचार केलाय. एकोणीस वर्षं मी असेच शेवट लिहितो. सगळं संपत आलेलं असतं, तुटलेली माणसं नेमकी त्याच वेळी एकमेकांना हाक मारतात आणि थिएटर डोळे पुसत उठतं. तुमच्या दोघांच्या भांडणालाही मला तसाच शेवट हवा होता. बाबांच्या ओठांवर मी तो बसवला. तो कोरडा पडलेला म्हातारा माणूस तेव्हा साधी गोष्ट मागत असावा. ‘असावा’ लिहिलं, कारण खात्री मला कधीच होणार नाही. पण तुझ्याजवळ मी ‘असावं’ म्हणालो नव्हतो. ठामपणे सांगितलं होतं, आणि संशय आल्यावरही छापायला दिलं.

शुक्रवारी ते दृश्य आलं. म्हातारा ‘पाणी’ म्हणाला, स्पष्ट ऐकू आलं. हिरो खाली उतरला, त्यानं एका हातानं छत उचललं, म्हाताऱ्याला छातीशी धरलं आणि संगीतासकट आकाशात नेलं. माझ्या मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या,

“अहो, फिरवताय काय त्याला वर? आधी दोन घोट पाणी तर द्या!”

सगळं थिएटर हसलं. मी उठलो. नावं लागेपर्यंत थांबलो नाही.

आज सकाळी छापखान्यात गेलो. मालक पान परत द्यायला तयार होईना. “अहो, चांगलं लिहिलंय की. माझ्या बायकोनं दोनदा वाचलं.” मी म्हटलं, “चांगलंच लिहिलंय, म्हणून तर परत द्या.” त्यानं दिलं. तुझा फोन जाईपर्यंत पुस्तिका छापायची नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलंय. ते पान फाडून टाकलं. शेवटचं पान कोरं ठेवायचं, हे पत्र छापायचं, की माझं नावच पुस्तिकेतून काढायचं, ते तू ठरव. मी काही सुचवणार नाही.

तुला याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. बाबांनी त्या सात वर्षांत माझ्यासमोर तुझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर आज लिहिलं असतं.

हे घरी लिहून संपवलं होतं, पाकीटही घेतलं होतं. ही शेवटची ओळ पोस्टाच्या काउंटरवर उभा राहून लिहितोय. मागे रांग आहे. आतल्या बाई म्हणतायत, “झालं का तुमचं? द्या इकडे.” देतोय.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

दादा