चैत्रालीच्या चिलखताचा उजवा हात

दुखान, कतार
शुक्रवार

तीर्थस्वरूप दत्तोपंतमामांना,

प्रतापचा साष्टांग नमस्कार (सध्या सात अंगांचाच गोड मानून घ्यावा). मामींचे गुडघे काय म्हणतात? नाशिकला थंडी पडली असेल. इथे आम्ही एसी बंद करून थंडी साजरी करतो. बाकी सर्व मजेत.

विशेष म्हणजे, तुमची नात चैत्राली गुरुवारी शाळेच्या कार्यक्रमात जुन्या काळचा स्कॉटिश शिपाई होणार आहे. शेजारचे मॅकायसाहेब स्कॉटलंडचे. हातावरच्या चिलखताला तिकडे पूर्वी काय म्हणत, ते त्यांनीच तिला शिकवलं. मनगटापासून कोपरापर्यंतचा तो वॅम्ब्रास, पत्र्याचा हातमोजा तो ‘ग्लूव्ह ऑफ प्लेट’ आणि कोपरावर एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या त्या स्प्लेंट. हात उंचावून तिने हे सगळं स्टेजवर सांगायचं. चिलखत मी करीन, असा शब्द देऊन बसलो. जन्मभर तेलाच्या पाइपांना पत्र्याचे कपडे चढवले, पोरीच्या हाताचं काय एवढं! माप वाढत्या अंगाचं घेतलं (आपल्या घरात दुसरं माप कुणी घेतलंय? माझ्या मुंजीतला कोट मला कॉलेजात नीट बसला). त्यामुळे ते मलाच बेतशीर झालं. स्प्लेंटचा किचकट उद्योग गाळून पाइपाला लावतो तसा काटकोनी एल्बो बसवला आणि फिटिंग बघायला स्वतःच्या उजव्या हातावर चढवून रिव्हेट मारले. इतकं सुबक झालं की मॅकायसाहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हात सरळ करून दाखव. मी विषय बदलला. चैत्राली मात्र “बाबा, सो कूल!” म्हणाली (मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत). मी तृप्त आहे.

आपला,
प्रताप

ता. क. तुम्ही नाटकांना पोशाख पुरवायचात, त्यातला चंदेरी कागद लावलेला पुठ्ठ्याचा हात माळ्यावर असल्यास मंगळवारी इकडे येणाऱ्या मधुराबरोबर जरूर पाठवावा.

ता. क. २ मामा, शोभाचा नमस्कार. अक्षर माझं आहे, हे ओळखलंच असेल. हे कालपासून त्या हातातच आहेत. डाव्या हाताने ड्रिल चालवतो म्हणाले, मी ते लपवलंय. वर्कशॉपमधला कौशिक पत्रा कापायची कात्री घेऊन निघालाय, इन्शाल्ला जेवणाआधी पोचेल. तोवर वरणभात भरवतेय. स्वारी खुशीत आहे. पत्राचा फोटो चैत्राली पाठवेल.

ता. क. ३ आजोबा, मी चैत्राली. हे मी मराठीत लिहिते आहे, बाबांना दाखवणार नाही. मला पुठ्ठ्याचा हात नको. मी बाबांनी केलेलाच घालणार. कौशिककाका फक्त एल्बो कापतील, मग बाबा सुटतील, आणि तिथे स्प्लेंट लावता येतील. मॅकाय आजोबा शिकवणार आहेत. पण बाबांना वाटलं पाहिजे की दुसरा हात नाहीच. म्हणून प्लीज त्यांना फोन करा आणि सांगा, पुठ्ठ्याचा उंदरांनी खाल्ला.