बोंडांचा रंग

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र सोमवारी आलं. सोबतची नव्या ड्रेसच्या मापांची चिठ्ठीही मिळाली, तिच्याविषयी शेवटी लिहिते. आधी बोंडांचं. दुकानामागच्या फड्या निवडुंगाला यंदा लालभडक बोंडं लागली आहेत, टोपलीभर सहज निघतील. रोज दोन खाल्ली की महिन्यात वजन उतरतं असं तुझ्या ऑफिसातली मैत्रीण सांगते, आणि तुला आठवलं की आईसुद्धा खायची. खायची गं. पण मी तुला एकही बोंड पाठवणार नाही. रागाव, रुसून बस, पण पत्र पूर्ण वाच. फोनवर मला हे जमलं नसतं. तू मध्येच काहीतरी चेष्टा केली असतीस आणि मी शेपूट घातलं असतं.

ताईला, तुझ्या आईला, हे खूळ कसं लागलं ते तुला माहीत नाही, तू तेव्हा वसतिगृहात होतीस. तिच्या ग्रंथालयात कुणी बडे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर ती टेबलामागून उठली आणि अंगाला घट्ट बसलेली हातांची खुर्चीही तिच्याबरोबर उठली. सगळे हसले. तीही हसली म्हणे, आणि घरी येऊन तिने जेवणच तोडलं. आठवडाभर चहावर राहिली, जिन्यात चक्कर येऊन बसली. तिचा हट्ट तुला ठाऊकच आहे. मग मीच तिला एका गिऱ्हाईक बाईकडून ऐकलेलं सांगितलं, की उपाशी कशाला मरतेस, जेव नीट आणि वर बोंडं खा, त्यानेच उतरेल. मला काय, चार घास पोटात जाण्याशी मतलब. ती लगेच तयार झाली. मी चिमट्याने बोंडं तोडायची, त्यांची बारीक कुसं गॅसवर जाळायची, ती सोलायची. बोटं, ओठ, जीभ, सगळं लाल व्हायचं. आरशात जीभ बाहेर काढून बघायची वेडी, पन्नाशीची बाई.

महिना झाला तरी फरक काही दिसेना. वजनकाट्यावर पाय ठेवायचा नाही असा तिचा पणच होता, शाळेपासूनचा. तिचा सगळा भरवसा कपड्यांवर. हिरवा ड्रेस पोटावर तसाच ताणलेला बघून ती पुन्हा ताटावरून उठायला लागली. तेव्हा मी एक उद्योग केला. तिचे कपडे इस्त्रीला माझ्याकडेच यायचे. शिवणीत आत जी माया ठेवतो ना आम्ही, जादा कापड, त्यातलं अर्धं बोट सोडलं. जुनी टीप उसवली, नवी मारली, उसवल्याची भोकं वाफेने बुजवली. ड्रेस घालून ती दुकानात अक्षरशः नाचत आली. कमरेवरचं कापड चिमटीत धरून दाखवलं. त्या दिवशी पोटभर जेवली. मग दर पंधरा दिवसांनी मी अर्धं बोट सोडत राहिले. स्वतःवर खूश होते मी, खोटं कशाला सांगू.

पाचव्या महिन्यात माया संपली. सोडायला काहीच उरलं नाही. आता बिंग फुटणार म्हणून मी धास्तावले होते, तर पुढच्या पंधरवड्यात तोच ड्रेस तिला आपोआप सैल झाला. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात आणखी. ढब्बू, बोंडांनी काही होत नाही हे साऱ्या जगात एका मलाच पक्कं माहीत होतं. मी घाबरायला हवं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. वाटलं, लागू पडली एकदाची.

आणि एक. संडासात लाल दिसतं असं तिने मला एकदा सांगितलं होतं. हसतच सांगितलं. मी म्हटलं, दिसणारच, रोज दोन-दोन हाणतेस, माझी बोटं बघ की. पोटात कळ येते म्हणाली तर म्हटलं, बिया बाधल्या, चावून खात जा. तिने ते मान्य केलं. मी सांगितलेलं सगळंच ती मान्य करायची, माझ्यापेक्षा मोठी असून.

त्यानंतर चार महिन्यांनी ती ग्रंथालयात कोसळली. पुढचं तुला ठाऊक आहे, तू आलीच होतीस. आतड्यातली गाठ, उशीर झाला, एवढंच तुला कळलं. मी डॉक्टरीणबाईंना एकट्यात गाठून बोंडांचं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, फळात वाईट काही नाही, त्यातल्या चोथ्याने पोट भरल्यासारखं वाटतं, पण नुसत्या त्याने वजन उतरतं असं त्या छातीठोकपणे सांगणार नाहीत. शिवाय बोंडांनी खालून लाल जाऊ शकतं, पण म्हणून तपासायचं सोडायचं नसतं.

मग जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तीन वर्षं पोटात ठेवली. हा आजार काही घरांत रक्ताने पुढे जातो. मुलीला सांगा, तिला पंचविशीतच तपासून घ्या. मुलीला म्हणजे तुला. आधी तुझी परीक्षा होती, मग नोकरी लागली, मग तू पुन्हा हसायला लागलीस. ही सगळी माझी निमित्तं. खरं कारण एवढंच, की तू विचारलं असतंस, मावशी, आईला पहिल्यांदा कधी दिसलं होतं गं? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

आता तुझ्या चिठ्ठीचं. तू लिहितेस, कंबर आपोआप उतरतेय, आता बोंडं खाल्ली की दंडही उतरतील. वाटलं, खोलीतल्या मैत्रिणीने टेप आवळून धरला असेल. पाच महिन्यांपूर्वी मी स्वतः घेतलेली मापं वहीत काढून शेजारी ठेवली. कंबर चौतीस होती, एकतीस झाली. छाती दोनने कमी, सीटचा घेर अडीचने. इतकी सगळीकडे चूक कुणाच्या हातून होत नाही. तू अजून एकही बोंड खाल्लेलं नाहीस, ढब्बू. डॉक्टरीणबाईंकडे शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. हे पत्र आजच्या कुरियरने निघेल, गुरुवारी संध्याकाळी मी तुझ्या दारात असेन. शिव्या घालायच्या त्या तिथे घाल, पण माझ्याबरोबर चल. आणि काही लाल दिसत असेल तर त्याला कसलंही कारण शोधू नकोस, तसंच्या तसं सांग. ड्रेस मी जुन्याच मापाने बेतला आहे. आत घे म्हणून मागे लागू नकोस, मी घेणार नाही.

तुला आधीच सांगायला हवं होतं ते आज सांगणारी,
तुझीच मावशी