सोनिवलीचं एक मत

सोनिवली, १८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
करिष्माचा सा. न. वि. वि.

बाबा माझा फोन तपासतात, म्हणून ही चिठ्ठी विठामावशीच्या भाजीच्या टोपलीतून. आपला प्रभाग बाईसाठी राखीव झाला आणि बाबांनी आईला उभं केलंय. सभेत आई हात जोडते, बोलतात बाबाच. समोर चैत्रालीताई आहेत.

बाबा म्हणाले, घरातलं एकही मत बाहेर जाता कामा नये. कैलासला कळव, केस कापून शर्ट-पँटीत ये, पुरुषांच्या रांगेत उभा राहा, मग घरी जेवायला बस. ताई, चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव काढलं, जुनं का होईना. आई धड जेवत नाही गं. पाया पडते, ये.

तुझी करू

उल्हासनगर, २२ नोव्हेंबर

चि. करूस अनेक आशीर्वाद.

आधी हसले. मी कैलास होते तेव्हा बाबांनी कधी सांगितलं नाही, मत कुणाला द्यायचं. आपल्या घरात ते फक्त बायकांना सांगतात. म्हणजे झाले ना मी त्यांची मुलगी? मग खूप रडले.

घर सोडलं तेव्हा चैत्रालीताईंनी महिनाभर ठेवून घेतलं, बाई की बाप्या न विचारता. माझं मत त्यांनाच. येईन, पण साडीत, बायकांच्या रांगेत.

लोभ आहे तेवढा जपून ठेव, इथे दुसरा मिळत नाही.

किर्ती

सोनिवली, २२ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

तीन चिठ्ठ्या लिहून फाडल्या. मतदानाच्या दिवशी कार्डावर कैलास आणि समोर साडी बघून आपल्याच हरेशकाकांनी बोगस म्हणून हरकत घेतली. केंद्रावरच्या साहेबांनी दाराशी उभ्या आईला विचारलं, हे तुमचंच मूल का? माझा मुलगा बाहेरगावी असतो, हिला मी ओळखत नाही, असं ती म्हणाली, आणि तू मत न देताच निघून गेलीस. मीही रांगेत होते, ताई. मीही गप्प राहिले. मला माफ करू नकोस.

काल आई निवडून आली. बाहेर गुलाल उडत होता आणि ही मोरीत बसून होती. सारखं एकच विचारते, ती कुणाला देणार होती मत? काय सांगू?

करू

उल्हासनगर, २४ डिसेंबर

चि. करूस आशीर्वाद.

निघाले ते चैत्रालीताईंना द्यायचं ठरवून. मग दारात आई दिसली, बाबांच्या मागे हात जोडून उभी. मनात आलं, हिला एक तरी मत बाबांनी न सांगता मिळू दे. तिथेच ठरलं, आईला.

पण तिला हे सांगू नकोस. चैत्रालीताईंना म्हणून सांग. तेवढं तिला सोसेल.

तुझीच,
किर्ती