बिनकाट्याची रोपं

बाबा, आज वर्गात टेबलावर एक रोप ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियाकडचं, कोरड्या बरड जमिनीत तग धरणारं, बाभळीच्या जातीचं झुडूप. खालची पानं बाभळीसारखी बारीक पिसांची, वरची लांब, चपटी. मधल्या एका पानात दोन्ही होतं: देठ पसरट झालेला आणि टोकाला पिसं अजून शिल्लक. वरचं ते पान नव्हेच, रुंद झालेला देठ आहे, कोवळं रोप ओळखताना इथंच फसगत होते, असं मी मुलींना सांगितलं आणि तुमची फार आठवण आली.

ऐंशी सालच्या आसपास तुम्ही आंबागडच्या पायथ्याशी रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. वनखात्याच्या साहेबांनी दिलेल्या याच झुडपाच्या बियांवर उकळतं पाणी ओतून, भिजवून, तुम्ही पिशव्यांत लावल्या होत्या. मी भंडाऱ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सुट्टीत आले होते आणि शहाणपणा अंगात मावत नव्हता. साहेबांनी दाखवलेल्या चित्रात लांब पानं, पिशव्यांत मात्र पिसांची. मी ठणकावून सांगितलं, "बी बदललं, बाबा. ही आपली गावठी बाभूळ आहे." तुम्ही उकिडवे बसून रोपावर बोट फिरवत राहिलात.

"मंग याले काटा काहून नाही, बाई?"

"लहान आहे अजून. येतील."

"तू शिकली हायेस. तू म्हणतेस त तसंच असन."

दोन दिवसांत तुम्ही सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्यात. एक रोप तेवढं घरी आणून न्हाणीपाशी लावलंत, सगळीच फेकवेनात तुम्हाला. साहेब आले तेव्हा "माहीच चुकी झाली, साहेब" एवढंच बोललात. काम गेलं. मग तुम्ही रस्त्यावर मुरूम टाकायला जाऊ लागलात.

दिवाळीच्या आधी न्हाणीपाशी पहिलं चपटं पान आलं. "पाय बाई, कसं बदलून राहिलं," तुम्ही कौतुकानं म्हणालात. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला तिथं उभं राहवेना. मी घरात निघून गेले. त्यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

काटा नाही हे तुम्ही पाहिलं होतंत, बाबा. मी पाहिलं नव्हतं.

हे पत्र टाकायचं कुठं, वहीतच राहील. आज मुलींनी विचारलं, अशी चूक खरंच कोणी केली होती का? दरवर्षी विचारतात. मीही दरवर्षीचंच उत्तर दिलं: हो, रोपवाटिकेतल्या एका मजुरानं.