पडवीला चंदेरी रंग

८ ऑक्टोबर १९५४, पोशेरा
काल दसरा झाला. आज जव्हारहून देवजीतात्यांचं पत्र. त्यांची मुलगी रुपी लग्नाची आहे, फायनल पास आहे. एकोणीस तारखेला दुपारी ते तिला घेऊन माझं घर पाहायला येणार. माझं घर म्हणजे कोंडीबाईंची पडवी. ती भाड्याची आहे हे कळवलेलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.
निश्चय: पडवी शरद ऋतूला शोभेल अशी सजवायची. जवळजवळ फुकटात. कलावंताला बजेट लागत नाही.

१० ऑक्टोबर
मोखाड्याला पत्र्याला मारायचा चंदेरी रंग मिळाला. ब्रश घेतला नाही. शहरात हल्ली सगळं स्प्रेने करतात. आमच्या गावचा लक्ष्या घरोघर डासांचं औषध फवारतो, त्याच्याकडे जुना पंप मागितला. म्हणाला, "मास्तर, ह्याच्यातून अवषद उडतं. रंग नाय उडायचा." वाद घातला नाही. त्याला कलेतलं काय कळणार!

१२ ऑक्टोबर, सकाळी ७
रंग उडाला नाही.

सकाळी ९
रंगात रॉकेल ओतलं. उडाला! सागाची पंचवीस पानं, नाचणीची कणसं, आढ्याला टांगलेले चार भोपळे, सगळं चंदेरी. वाऱ्याचा अंदाज किंचित चुकला. कोंडीबाईंची कोंबडीही झाली. तिला शोभतंय.

१३ ऑक्टोबर
भोपळे बियाण्याचे होते म्हणे. कोंडीबाई ओरडल्या, "आता पावसाळ्यात मी काय चांदी पेरू?" मी शांतपणे समजावलं की बी आत असतं, रंग बाहेर. आजपासून त्या मला भाकरी देणार नाहीत. हरकत नाही. थोडं बारीक व्हायचंच होतं.

१६ ऑक्टोबर
वाळत नाहीये. लक्ष्या म्हणतो रॉकेल जास्त झालं. रॉकेलचा काही संबंध नाही, हवा दमट आहे. उरलेला रंग पडवीतल्या बाकावर मारला. माझी डावी भुवई आणि कान चंदेरी. राखेने घासलं, निघत नाही. वर्गात पोरं एकटक माझ्याकडे बघतात. शिस्त सुधारली.

१८ ऑक्टोबर
अजून ओलं. उद्या दुपारपर्यंत नक्की वाळेल. रुपीसमोर बोलायला एक इंग्लिश वाक्य पाठ केलं.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
ते सकाळीच आले. मी "नको" म्हणेपर्यंत तात्या बाकावर बसलेसुद्धा. उठले तेव्हा धोतर मागून चंदेरी. रुपीने माझ्या भुवईकडे पाहून पदर तोंडाला लावला. लाजली असावी. मी वाक्य विसरलो.
तेवढ्यात कोंडीबाई बाहेर आल्या. "पडवी माझी, भोपळे माझे, कोंबडी माझी," असं सगळं सांगून मोकळ्या.
तात्यांनी विचारलं, "मग मास्तरांचं काय?"
"रंग," कोंडीबाई म्हणाल्या.
तात्यांनी एका भोपळ्याला बोट लावून पाहिलं. "हे तुम्ही स्वतः केलं?" मी हो म्हणालो. त्यांनी मान डोलावली. जाताना हात जोडले. माझ्या मते जमलं.

२ नोव्हेंबर
जव्हारहून पत्र. आधी स्वच्छ सदरा घातला, मग फोडलं.
रुपीचं जव्हारच्याच वामन कारकुनाशी ठरलं. लग्न माघात. तात्यांना पडवी मात्र मनापासून आवडली होती. मांडवाचे खांब तसेच, पण वाळलेले, करून हवेत. 'वाळलेले' या शब्दाखाली दोन रेघा.
पाकिटावर माझं नाव नव्हतं. नुसतं 'पेंटर, पोशेरा'. पोस्टमनने कुणालाही न विचारता माझ्याच हातात दिलं.
उलट टपाली लिहिलं: खांब किती?